न आलेल्या राजधानीचे पाच हजार

आमच्या नात्यात फोनवर तब्येतीची चौकशी दुसऱ्या नंबरावर असते. पहिला नंबर घरभाड्याचा. ठाण्याची मुलगी असो, पुण्याचा मुलगा असो की नागपूरचा मेहुणा, जेवण झालं का हे विचारून होतं न होतं तोच गाडी भाड्यावर येते.

"बाबा, आमच्या वरच्या मजल्यावरचा टू बीएचके अडतीसला गेला!" हे मुलगी इतक्या उमाळ्यानं सांगते, की पहिल्यांदा मला वाटलं जावयाला बढती मिळाली. घर तिचं नाही. अडतीस हजार तिच्या हातात पडणार नाहीत. उलट पुढच्या करारात घरमालक त्याच अडतीसवर बोट ठेवून तिचं भाडं वाढवणार. तरी आनंद! पुण्याचा मुलगा लगेच, "आमच्याकडे अठ्ठावीसमध्ये याहून मोठं मिळतं," म्हणून तिला खाली ओढतो. आणि मेहुणा या दोघांच्या वर पाणी ओततो : "चौदा हजारात राजवाडा भेटते नं आमच्या नागपूरले." महाग शहरातला माणूस महागाईचा तोरा मिरवतो आणि स्वस्त शहरातला स्वस्ताईचा. या स्पर्धेत हरणारा एकच असतो. तो म्हणजे मी.

"आणि बाबा, तुमचं?"

"आमचं काय, क्वार्टर."

पलीकडे एकदम शांतता पसरते. पगारातून लायसन्स फी म्हणून तीन आकडी रक्कम कापली जाते, असं सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसा पाहतो. फोनवरसुद्धा ते पाहणं कळतं. "पण मग एचआरए मिळत नाही हो!" असं मी म्हणतो. ते कोणी ऐकत नाही.

मी जबलपूरच्या खमरियात राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इथं दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती क्वार्टरांची वसाहत. ईस्ट लँड, वेस्ट लँड अशी तिची नावं. एखाद्या साहेबानं नकाशा टेबलावर ठेवून, पाईप ओढत, दिशा बघून ठेवलेली असावीत. चौतीस वर्षांपूर्वी मी इथं चार्जमन म्हणून लागलो आणि मला क्वार्टर मिळालं. पुढे-मागे अंगण, एक पेरू, दोन शेवगे, आणि शेजारची लाँग प्रूफ रेंज. रेंजवर तोफगोळ्यांची चाचणी झाली की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि मांडणीवरची भांडी एकमेकांना नमस्कार करतात. आमच्या मुलांना लहानपणी ढगांच्या गडगडाटाची भीती म्हणून वाटली नाही. थंडीत कधीमधी डुमन्याच्या जंगलातला बिबट्या दिसल्याची बातमी येते, मग चार दिवस सगळी वसाहत संध्याकाळी सातला कड्या लावते. ठाण्याला मुलीच्या सोसायटीत असाच बिबट्या आला, तर ते लोक त्याच्यासाठीही 'निसर्गसान्निध्य' म्हणून महिना दोन हजार जास्त लावतील, याबद्दल मला शंका नाही.

तर असं सगळं सुखात चाललं असताना माझी साठी आली. महिन्याच्या शेवटच्या तारखेला हार, नारळ आणि शाल मिळणार आणि नंतर क्वार्टर सोडावं लागणार. स्वतःचं घर बांधलं नव्हतं. चौतीस वर्षं "बांधू हो, जागा कुठं पळून चालली आहे" असं म्हणण्यात गेली. जागा पळाली नाही, भाव पळाले. तेव्हा भाड्याचं घर शोधणं आलं. कुठल्या शहरात, हा प्रश्न.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं इन्स्पेक्शनमध्ये गेली. त्यामुळे मी प्रत्येक गोष्ट वहीत रकाने आखून सोडवतो. दोनशे पानांची वही आणली, पहिल्या पानावर 'तुलनात्मक तक्ता' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. रकाने पाडले : भाडं, डिपॉझिट, दलाली, पाणी, ऊन, आवाज, झाड. आमच्या हिनं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, माणसांचा रकाना कुठाय?" मी म्हटलं, "ती सगळीकडे सारखीच." हे माझं पहिलं चुकीचं रीडिंग.

घर पास की नापास हे ठरवायला मी कारखान्यातलीच पद्धत घेतली. आमच्याकडे गो, नो-गो गेज असतं. त्याचं एक टोक वस्तूत जायलाच हवं आणि दुसरं कोणत्याही परिस्थितीत जाता कामा नये. तसं झालं तर माल पास. घरासाठी मी गेज ठरवलं ते असं : वडिलांचा मंडल्याच्या सागवानाचा पलंग आत गेला पाहिजे, आणि घरमालक आत येता कामा नये.

कागदावर पाहिलं तर हा प्रश्न केंद्र सरकारनं आमच्यासाठी केव्हाच सोडवून ठेवला आहे. घरभाडे भत्त्यासाठी, म्हणजे एचआरएसाठी, देशातल्या तमाम शहरांना तीन अक्षरांत बसवलेलं आहे. लोकसंख्या पन्नास लाखांवर असेल तर एक्स, पाच लाखांवर असेल तर वाय, उरलेला अखंड भारत झेड. सध्या एक्सला मूळ पगाराच्या ३० टक्के, वायला २०, झेडला १०. पूर्वी ए-वन, ए, बी-वन, बी-टू, सी अशी पायऱ्यांची उतरंड होती. २००८ मध्ये ती तीनवर आली. कारखान्याच्या कँटीनमध्ये या अक्षरांवर जितकी चर्चा झाली तितकी पगारावर झाली नसेल. पुणे कितीतरी वर्षं वायमध्येच होतं. २०११ च्या जनगणनेत पुणे परिसरानं पन्नास लाखांची रेघ जेमतेम पन्नासेक हजारांनी ओलांडली आणि २०१५ मध्ये त्याला एक्स मिळालं. माझा मुलगा २०१० मध्ये इंजिनियरिंगला पुण्याला गेला होता. म्हणजे त्या पन्नास हजारांत तोही होताच. पुणेकरांच्या भत्त्याला आमच्या घरातून एका डोक्याचा हातभार लागलेला आहे, पण पुण्यात कोणी त्याचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही.

मजा पुढे आहे. नागपूर आणि जबलपूर, दोन्ही वाय. ही गोष्ट मी मेहुण्याला सांगितली ती घोडचूक.

"काऊन? नागपूर अन् जबलपूर एकाच खान्यात?"

"सोलापूर आणि नाशिकही त्यातच आहेत."

"पण भाऊजी, आमच्याकडे मेट्रो आहे नं!"

"लोकसंख्या बघतात, मेट्रो नाही."

"मंग लोकं कशात बसून राहिले? मेट्रोतच नं?"

याला उत्तर नव्हतं. निवृत्तीनंतर एचआरए बंदच होतो, त्यामुळे आपल्याला अक्षराशी काय करायचंय, असं आमची ही म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण तोवर वहीची चार पानं भरली होती आणि भरलेली पानं मला फाडवत नाहीत.

पहिला दौरा नागपूरचा. मे महिन्यात. हिचं माहेर तिथलं, त्यामुळे नागपूर तिच्या मनानं आधीच पास झालेलं. मेहुण्यानं एका दिवसात पाच घरं दाखवली, तीही अकरा ते चार या वेळात, म्हणजे "ऊन कुठून येते ते दिसते." ऊन कुठून येत नव्हतं हे शोधायला वेळ लागला असता. पहिला घरमालक म्हणाला, "कुठले तुम्ही?"

"जबलपूर."

"म्हणजे हिंदीवाले."

"नाही, मराठी."

"मंग तिकडे काय करून राहिले?"

माझे वडील जबलपूरला कसे गेले, भोसल्यांच्या काळापासून तिकडे मराठी माणसं कशी आहेत, हे मी सांगू लागलो. तो माणूस कूलरच्या टाकीत पाइप सोडून गप्प बसला. दुसऱ्या घरात पलंग गेला, पण मालक जिन्यातच राहत होता. तिसरं घर मेहुण्याच्या घरापासून पाचशे मीटरवर. भाडं पंधरा. "इथं एक हजार जास्त का?" तर मेहुणा छाती फुगवून म्हणाला, "आपलं माणूस जवळ आहे नं!" मी वहीत लिहिलं : 'माणूस : अधिक एक हजार.' हिनं ते वाचलं. परतीच्या प्रवासात सिवनीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

पुण्याची तयारी आधी फोनवरून झाली. २०२१ च्या ऑक्टोबरात देशातले एकेचाळीस आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले, आणि आमच्या वाट्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आलं. पूर्वी सगळ्या कारखान्यांचं मुख्यालय कोलकात्यात असे. तेव्हापासून हिचा एक मुद्दा होता : "तुमच्या मुख्यालयाला पुण्यात जागा मिळते, तुम्हाला मिळत नाही?" मुलानं कोथरूडमधले एक घरमालक व्हिडिओ कॉलवर आणले. गृहस्थ निवृत्त, टापटीप, मागे पुस्तकांचं कपाट. नमस्कार-चमत्कार झाले.

"आपण सध्या कुठे राहता?"

मी सरळपणे म्हणालो, "चौतीस वर्षं क्वार्टरवरच काढली हो."

त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे बघा, मी स्पष्ट बोलतो. आमच्या इमारतीत मद्यपान चालत नाही."

क्वार्टर म्हणजे सरकारी घर, हे मुलगा मागून समजावत होता. तेवढ्यात रेंजवर गोळा उडाला. खिडक्या वाजल्या, मांडणीवरचं पातेलं खाली आलं आणि स्क्रीनवरचे गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले.

"काय झालं? युद्ध सुरू झालं का?"

"छे छे, तपासणी चालली आहे."

करारनाम्याचा मसुदा आला तेव्हा त्यात सत्तावीस अटी होत्या. अठ्ठाविसावी शाईनं हातानं लिहिलेली : 'भाडेकरूने जागेत स्फोटक पदार्थ बाळगू नयेत.'

तरी आम्ही गेलो. घर चांगलं होतं. भाडं अठ्ठावीस हजार, डिपॉझिट एक लाख, दलालाला एक महिन्याचं भाडं. मी मनातल्या मनात भागाकार केला. आमची लायसन्स फी धरली तर पुण्यातल्या एका महिन्याच्या भाड्यात खमरियात मी किती वर्षं राहिलो असतो, हा आकडा इतका मोठा आला की मला गॅलरीत जाऊन बसावं लागलं. गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसत होती. तिथले गृहस्थही बसलेले होते. बहुधा त्यांनीही भागाकार केला असावा. घरमालक जाता जाता हिला म्हणाले, "तुमचं मराठी छान आहे हो!" नागपूरच्या माहेरवाशिणीला हे ऐकवणं म्हणजे काय असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. घर त्याच क्षणी नो-गो झालं. पलंग आत गेला असता की नाही, हे पाहायचंही राहून गेलं.

मात्र तिथं असताना मुलाच्या स्वतःच्या घराचा भाडेकरार नव्यानं व्हायचा होता आणि त्यात मी साक्षीदार होतो. भाड्याच्या घरातल्या माणसाचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकराची पळवाट निघाली. महाराष्ट्रात पुढे १९९९ च्या कायद्यानं अकराचाही करार नोंदवणं भाग केलं, पण अकराची सवय काही सुटली नाही. पळवाट बंद झाली तरी लोक तिथूनच जातात. बाराव्या महिन्यात भाडेकरू फक्त घरमालकाच्या चेहऱ्याकडे बघत असतो.

हल्ली ही नोंदणी घरबसल्या होते. एक तरुण लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. मुलाचा अंगठा लागला, सुनेचा लागला, घरमालकाचा पहिल्याच फटक्यात लागला. घरमालकांचे अंगठे नेहमी ताजे असतात. माझा लागेना.

"काका, जरा पुसून लावा."

पुसला. लागेना. साबणानं धुतला. लागेना. सुनेनं पावडर आणली, हिनं खोबरेल तेल सुचवलं, शेजारच्या काकूंनी लिंबू पाठवलं. तर्जनी, मधली, अनामिका, सगळ्यांची ओळख परेड झाली. यंत्र लाल दिवा लावून बसलं. कित्येक वर्षं बोटांनी धातू चाचपून माल पास-नापास करणाऱ्या मला एका डबीनं नापास केलं. शेवटी तो तरुण हळूच म्हणाला, "काका, तुमच्याऐवजी दुसरा साक्षीदार घेऊ का?" लिंबू देणाऱ्या काकू आल्या. त्यांचा लागला. त्या लिंबाचं सरबत मला देण्यात आलं. मी वहीत 'आवाज, पाणी, ऊन' यांच्यापुढे एक नवा रकाना आखला : 'अंगठा'. पुण्यापुढे फुली.

ठाण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घर मुलीच्याच सोसायटीत होतं. दलालानं सांगितलेली जागा सुपर बिल्टअप होती, करारातली बिल्टअप होती आणि मी टेपनं मोजलेली कार्पेट होती. प्रत्येक मोजणीत एक खोली कमी होत होती. आणखी दोनदा मोजलं असतं तर आम्ही लिफ्टमध्ये असतो. पलंग उभा ठेवावा लागेल, असं मी म्हणालो. जावई म्हणाले, "मग तुम्ही दोघं?"

परत येताना गिरगावात चुलत काकांकडे थांबलो. त्यांची चाळीतली खोली पागडीची. मुंबईत १९४७ च्या कायद्यानं जुनी भाडी १९४० च्या दरांवर गोठवली होती, आणि काकांचं भाडं अजून तिथंच कुठंतरी थंडीत कुडकुडत बसलेलं आहे. "काका, भाडं किती?" हे विचारल्यावर ते ओशाळून हसले आणि विषय बदलून चहा मागवला. एका चहाची किंमत त्यांच्या भाड्याच्या जवळपास जात असावी. त्या घटकेला मला कळलं, की अख्ख्या नात्यात माझ्या जातीचा एक माणूस आहे.

खमरियात परत आलो तर पेरूला फुलं आली होती. दोन दिवस मी वही उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकटाच रांझीकडे निघालो. रांझी म्हणजे आमच्या वसाहतीचा शेजार. कारखान्याचा भोंगा तिथंही ऐकू येतो. गल्लीत एका घरावर 'टू लेट' लावलेलं दिसलं. तळमजला, दोन खोल्या, मागं हातभर अंगण आणि त्यात एक पेरू. आमच्यापेक्षा बारका, पण पेरूच.

घरमालक आमच्याच कारखान्यातून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेले निघाले. मला पाहून ओरडले, "काय बड्डे!"

जबलपूरला हे 'काय' नि 'बड्डे' म्हणजे सगळं काही असतं. नमस्कार, चौकशी, माया, तक्रार. मराठी माणसाला त्यातला अर्धा भाग जन्मापासून येतो, त्यामुळे आमचं इथं कधी अडत नाही. चहा झाला. भाडं विचारलं. साडेसात हजार.

"जरा जास्त नाही का?" मी सवयीनं म्हटलं.

त्यांनी मोठा उसासा टाकला. जबलपूरचा माणूस असा उसासा टाकतो तेव्हा पुढे १९५६ येणार हे ओळखावं. त्या वर्षी नवा मध्य प्रदेश झाला, जबलपूरला राजधानी मिळणार असं सगळे धरून चालले होते, ती भोपाळला गेली आणि इथं हायकोर्ट आलं. त्याला सत्तरेक वर्षं होत आली, पण इथला रस्ता, नळ, लग्न, परीक्षेतलं अपयश, काहीही बिघडलं तरी त्याचं मूळ तिथं सापडतं.

"साब, राजधानी इतै आ जाती, तो जेई मकान बीस हजार को होतो!"

म्हणजे साडेसात हजारांत मी राहणार होतो वीस हजारांच्या घरात. हे गणित मला आवडलं. आणि मग जे करायचं नव्हतं ते मी केलं. पिशवीतून वही काढली. जुना सहकारी, इन्स्पेक्शनची कदर असलेला माणूस, म्हणून मोठ्या अभिमानानं एकेक पान दाखवलं. ठाणे अडतीस, पुणे अठ्ठावीस, नागपूर चौदा. एक्स म्हणजे काय, वाय म्हणजे काय. नागपूर आणि जबलपूर सरकारदरबारी कसे एकच. मेहुण्याचा किस्सा सांगितला, ते खूप हसले. चष्मा लावून त्यांनी तक्ता परत एकदा वाचला. एका जुन्या पावतीच्या पाठीवर काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, फोन नंबर घेताहेत.

दुसऱ्या दिवशी हिला घेऊन गेलो. हिनं पेरूच्या झाडाला हात लावला, नळ सोडून पाहिला, स्वयंपाकघरात उभं राहून ओट्याची उंची अजमावली आणि मान हलवली. पलंग दारातून जात होता. मालक राहणार होते वरच्या मजल्यावर आणि त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणजे नो-गोचं टोकही बरोबर बसत होतं. मी बयाण्याचे पैसे काढले.

"नौ हजार, साब."

"नऊ? काल साडेसात होतं!"

त्यांनी खिशातून ती पावती काढली. माझ्याच आकड्यांची व्यवस्थित नक्कल होती, रकान्यांसकट.

"नागपूर वाय?"

"वाय."

"जबलपूर वाय?"

"वाय, पण..."

"नागपूर में चौदह. आपसे नौ ले रए." आणि खांद्यावर हात ठेवून, समजूत घालावी तशा सुरात म्हणाले, "राजधानी नईं आई, उसके पाँच हजार काट दए, बड्डे."

हिनं माझ्या हातातली वही काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत भाजीच्या खाली ठेवली. बयाणा दिला.

रात्री नागपूरहून मेहुण्याचा फोन आला. घर मिळाल्याचं त्याला कळलंच होतं. जेवण झालं का विचारून तो मुद्द्यावर आला.

"कितीला गेलं, भाऊजी?"

"नऊला," मी म्हणालो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला आकडा होता. आवाज आपोआप थोडा वर चढला. आतून हिनं वाकून पाहिलं.

"नऊ? रांझीत तर साडेसात चालू आहे म्हणे नं?"

"ते कालचं," मी म्हणालो.